आधी खुर्ची, मग चहा, मग डिमसम: हाँगकाँगच्या गजबजलेल्या चहाघरात कसं खावं

हाँगकाँगच्या जुन्या चहाघरात पहिल्यांदा जाणाऱ्याची पंचाईत पदार्थांमुळे होत नाही. कोणीच काही सांगत नाही, म्हणून होते. दारात स्वागताला माणूस नाही, वेटरला मान वर करायला फुरसत नाही, भिंतीवरचं सगळं चिनी लिपीत, आणि वाफाळत्या टोपल्यांच्या ढकलगाड्या घेऊन फिरणाऱ्या बायका कँटनीजमध्ये पदार्थांची नावं ओरडत असतात. हा उर्मटपणा नव्हे. इथे येणारा रोजचाच आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे, असं गृहीत धरूनच ही जागा चालते. तेव्हा रोजच्यासारखं वागायचं. काय केव्हा करायचं एवढं कळलं की तेच वेटर आणि त्याच बायका एकदम आपल्याशा वाटू लागतात.

जागा निवडताना

मुंबई-पुण्याच्या मेनूकार्डावर डिमसम म्हणजे बहुतेक वेळा नुसते वाफवलेले डंपलिंग. हाँगकाँगमध्ये त्यात पाव, भात, तळण, वड्या, पुडिंग, कोंबडीचे पाय असं सगळं येतं आणि ते चहाबरोबर, दोन-दोन तास गप्पा मारत खाल्लं जातं. म्हणून पदार्थ चांगले असणं हा एक भाग झाला, बसायची मुभा असणं हा दुसरा. टिम हो वान 2009 साली माँगकॉकमधल्या चिमुकल्या दुकानातून सुरू झालं आणि लगेचच मिशेलिनच्या ताऱ्यामुळे जगभर गाजलं. तिथला भट्टीत भाजलेला, वरून खुसखुशीत चा सिऊ बाऊ, म्हणजे डुकराचं मांस भरलेला पाव, जरूर खावा. पण तिथे खाऊन उठायचं असतं. तो अनुभव चहाघराचा नाही.

ढकलगाड्या आता झपाट्याने कमी होतायत. त्या बघायच्या असतील तर सेंट्रल भागात सिटी हॉलच्या इमारतीतलं मॅक्सिम्स पॅलेस हे नवख्यासाठी सगळ्यात सोपं: मोठं दालन, झुंबरं, खिडकीतून बंदर, आणि इंग्रजीत निभावतं. वेलिंग्टन स्ट्रीटवरचं लिन हेऊंग याच्या अगदी उलट. मूळ दुकान ग्वांगझौचं, 1889 सालचं. हाँगकाँगमधलं 2022 मध्ये बंद पडलं तेव्हा शहर हळहळलं, आणि 2024 मध्ये ते पुन्हा उघडलं. स्टॅनली स्ट्रीटवरचं लुक यू 1933 साली सुरू झालेलं. लाकडी पार्टिशनं, रंगीत काचा, छताचे पंखे, आणि बिल मात्र खिसा हलका करणारं.

माझी आवडती जागा शहराबाहेर आहे. त्सुएन वानहून 80 नंबरची मिनीबस ताई मो शान डोंगराच्या कुशीतल्या चुएन लुंग गावात जाते. तिथल्या दुएन की मध्ये टोपल्या स्वतः उचलायच्या, चहाची पानं स्वतः घ्यायची, उकळतं पाणी स्वतः ओतायचं. गावातच पिकणारी वॉटरक्रेसची भाजी मागवायची. सकाळी तिथे पाळीव पक्ष्यांचे पिंजरे घेऊन आलेले आजोबा दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

केव्हा जायचं

आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी साडेसात ते नऊ. या वेळी ज्येष्ठ मंडळी वर्तमानपत्र पसरून बसलेली असतात, माल ताजा असतो आणि उठवायला कोणी येत नाही. रविवारी अकरा ते एक या वेळेत आजी-आजोबांपासून तान्ह्यापर्यंत अख्खी कुटुंबं येतात. गंमत बघायची असेल तर तेव्हा जा, पण तासभर ताटकळायची तयारी ठेवा. दुपारी दोननंतर अनेक ठिकाणी दर उतरतात. कागदावर मागणी घेणाऱ्या जागी ही वेळ फायद्याची. ढकलगाडीच्या जागी मात्र तोवर टोपल्या फिरून फिरून दमलेल्या असतात.

खुर्ची मिळवणं

मोठ्या जागी दाराशी काउंटर असतो. तिथे माणसं किती ते बोटांनी दाखवा, नंबराची चिठ्ठी घ्या आणि पडद्यावर लक्ष ठेवा. नंबर कँटनीजमध्ये पुकारला जातो. हाक हुकली तर पुन्हा मागे जावं लागतं, म्हणून सेल्फी काढायला लांब जाऊ नका.

जुन्या जागी चिठ्ठी वगैरे काही नसतं. आत शिरायचं, गोल टेबलांमधून फिरायचं आणि कोण उठायच्या बेतात आहे ते हेरायचं. दात कोरायची काडी तोंडात, बिलाचं कार्ड हातात, पिशवी मांडीवर: ही तिन्ही लक्षणं दिसली की त्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. आपल्याला हे अवघड वाटतं, तिथे कोणालाच वाटत नाही. रिकामी खुर्ची दिसली तर शेजारच्याकडे बघून “याऊ मौ यान?” म्हणजे कोणी आहे का, एवढं विचारायचं. त्याने मान हलवून नाही म्हटलं की बसायचं. अनोळखी लोकांबरोबर एकाच टेबलावर बसणं हीच रीत आहे. बोललंच पाहिजे असं काही नाही. “चो सान” म्हणजे सुप्रभात, हे एक पुरतं. दोघं असाल तर जागा चटकन मिळते. सहा जणांनी एकत्र बसायचा हट्ट धरू नये.

चहा सगळ्यात आधी

बसल्याबरोबर वेटर विचारतो तो चहाच. पाणी नाही, मेनू नाही. चहाचे पैसे माणशी लागतात, साधारण 10 ते 25 हाँगकाँग डॉलर, आणि तुम्ही चहा प्यायलात की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्यात दूध-साखर मागायची नाही, हे वेगळं सांगायला नको. कोणता घ्यायचा हे मात्र आधी ठरवून जा, कारण विचारणारा थांबत नाही.

बो लेय हा युन्नानचा काळपट, मातकट वासाचा आंबवलेला चहा. तेलकट-तुपकट खाण्यावर सगळ्यात चांगला, आणि कितीही वेळ पाण्यात राहिला तरी कडू होत नाही. सौ मेय हलका आणि सौम्य. हेऊंग पिन म्हणजे चमेलीचा. सुरुवातीला बरा, पण पानं भांड्यात राहिली की तुरट होत जातो. तित ग्वुन याम हा सुवासिक ऊलाँग. निर्णय होत नसेल तर गुक बो सांगा: बो लेयमध्ये वाळवलेली शेवंती. मातकटपणाही कमी होतो आणि तोंडही हलकं राहतं.

किटली आली की पहिला चहा प्यायचा नाही, त्याने भांडी विसळायची. तुमच्यापुढे वाटी, कप, चिनी मातीचा चमचा आणि खायच्या काड्या (चॉपस्टिक्स) असतात. वाटीत गरम चहा ओता, कप आडवा करून त्यात फिरवा, मग चमचा आणि काड्यांची टोकं बुडवा आणि ते पाणी मधल्या मोठ्या वाडग्यात टाकून द्या. याने जंतू मरतात अशा भ्रमात राहू नये, पाणी तेवढं गरम नसतं. पण धूळ जाते, पहिल्या पाण्याबरोबर पानांवरचा कचराही जातो, आणि आजूबाजूच्यांना कळतं की हे गिऱ्हाईक अगदीच नवखं नाही.

काही जुन्या जागी किटलीऐवजी झाकणाचा मोठा कप येतो आणि पानं त्यातच असतात. तो धरायची पद्धत नीट समजून घ्या. अंगठा आणि मधलं बोट कपाच्या काठावर समोरासमोर ठेवायचं, तर्जनीने झाकण दाबायचं, झाकण किंचित तिरकं करून फट ठेवायची आणि मनगट एका झटक्यात वळवून ओतायचं. हळूहळू ओतलं तर वाफ बोटांवर येते आणि चहा टेबलावर जातो. कप काठोकाठ भरलेला असेल तर काठही तापलेला असतो. वेटरला अर्धा-पाऊण भरायला सांगावं.

ओतताना आधी इतरांना, मग स्वतःला. तुम्हाला कोणी ओतलं तर तर्जनी आणि मधलं बोट किंचित वाकवून टेबलावर दोन-तीनदा टकटक करायचं. हे आभार. घास तोंडात असताना बोलावं लागत नाही, ही त्यातली सोय. आख्यायिका अशी की अठराव्या शतकातला छ्यॅनलुंग सम्राट वेष बदलून दक्षिणेत हिंडत होता. त्याने सोबतच्या सेवकाला चहा ओतला. साष्टांग घालावा तर बिंग फुटणार, म्हणून सेवकाने बोटांनीच नमस्कार केला. खरं-खोटं देव जाणे, टकटक मात्र रोज लाखो वेळा होते. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून किंवा उलटं ठेवायचं. वेटरला हाक मारावी लागत नाही, तो जाता जाता उकळतं पाणी भरतो.

गाडी आणि कार्ड

टेबलावर एक छापील कार्ड ठेवलेलं असतं. त्यावर छोटं, मध्यम, मोठं, खास असे रकाने. तुम्ही टोपली घेतली की गाडीवाली त्या-त्या रकान्यात शिक्का मारते, आणि शेवटी शिक्के मोजून बिल होतं. कार्ड सांभाळा. चहा सांडून लगदा झाला तर हिशेबाचा घोळ होतो.

आता खरी गोष्ट. गाडी तुमच्यापर्यंत येईलच असं नाही. स्वयंपाकघरातून बाहेर पडलेली गाडी दाराजवळच्या टेबलांवरच अर्धी रिकामी होते. रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, ती म्हण इथे ध्यानात ठेवावी. शक्यतो स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची पकडा. नाहीतर कार्ड घेऊन उठा, गाडीपाशी जा, झाकण उघडायला सांगा, आत बघा आणि बोट दाखवा. “म गोय” हा शब्द सढळपणे वापरा: जरा ऐका, कृपया, धन्यवाद, सगळ्याला चालतो. नको असेल तर हात हलवून नाही म्हणा. गाडीवाली टोपली ठेवूनच टाकते आणि शिक्का बसला की परत घेत नाही.

कागदावर खुणा करायची पद्धत असेल तिथे चौकटीत बरोबरची खूण न करता किती टोपल्या हव्यात तो आकडा लिहायचा. इंग्रजी कागद बहुधा मागितल्यावर मिळतो. सगळं एकदम लिहून देऊ नका, नाहीतर दहा टोपल्या एकदम येतात आणि शेवटच्या पाच गार होतात. दोघांनी आधी तीन मागवाव्यात, मग भूक बघून पुढचं. एका टोपलीत बहुधा तीन किंवा चार नग असतात, आणि दोन माणसांना पाच टोपल्या भरपूर होतात.

खायचं काय आणि कसं

सुरुवात ‘हा गाऊ’ने, म्हणजे कोलंबीच्या वाफवलेल्या डंपलिंगने करा. चहाघराची परीक्षा याच पदार्थावर होते. कुरडयांसाठी गहू भिजवून आपण जो चीक काढतो, तसल्या गव्हाच्या सत्त्वावर उकळतं पाणी ओतून, उकडीच्या मोदकासारखी उकड मळतात. लाटणं वापरत नाहीत. रुंद पात्याच्या सुऱ्याला तेल पुसून, गोळीवर पात्याची सपाट बाजू दाबून गोल फिरवली की पातळ पारी तयार. आत कोलंबी आणि बांबूच्या कोंबाचे बारीक तुकडे. कळ्या पाडतात त्या एकाच बाजूला, सात ते तेरा. चांगला हा गाऊ उचलला की फाटत नाही, खाली चिकटत नाही, आणि पारीतून कोलंबीचा गुलाबी रंग दिसतो. काड्यांनी पोटात खुपसू नका, रस निघून जातो. दोन्ही बाजूंनी हलकेच धरा, खाली चमचा लावा आणि एका घासात संपवा. पहिला नग कशातही न बुडवता खा.

सिऊ माय उघड्या तोंडाचे, डुकराचं मांस आणि कोलंबीचे. त्यांना सॉसची गरज नसते. चा सिऊ बाऊ एरवी पांढरा, वाफवलेला पाव असतो. वरून फुललेला, फुटलेला असणं हेच त्याचं चांगलं लक्षण. खालचा कागद सोलून मगच खायचा. चेऊंग फन म्हणजे तांदळाच्या पातळ घावनाची गुंडाळी, वर गोडसर सोया सॉस. ती निसरडी असते, तिला मधोमध धरावं. न्गाऊ युक म्हणजे गोमांसाचे मऊ गोळे. त्यांच्यासोबत जी छोटी वाटी येते त्यात वूस्टर सॉस असतो, इंग्रजांच्या राज्याची उरलेली खूण.

कोंबडीच्या पायांवर, म्हणजे फूंग जाऊवर, जरा थांबतो, कारण बहुतेक मराठी पाहुणे इथेच टोपली ढकलतात. हे पाय आधी तळतात, मग गार पाण्यात भिजवतात. त्यामुळे कातडी फुगून सुरकुतते. मग चक्रीफूल वगैरे मसाल्यात शिजवून, काळ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवतात. यात मांस नसतंच, मजा कातडीची आणि रसाची. काड्यांनी पंजाच्या बाजूने उचला, एक बोट सांध्यापर्यंत तोंडात घ्या, दाताने सांध्याशी तोडा, जिभेने कातडी सोडवून चोखा आणि हाडं ओठांतून हळूच ताटलीत टाका. हाताने तोंडातून काढू नका. मुलांना बारीक हाडं काढूनच द्यावं. दोन बोटं खाऊन झाली की पुढचं कोणाला सांगावं लागत नाही, किंवा मग आयुष्यात पुन्हा मागवलं जात नाही. मधलं काही नसतं.

कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात, लो माय गाय, उशिरा मागवा, तोही एकच. पोट एकदम भरतं, आणि पान खायचं नसतं. मुळ्याच्या वड्या, लो बाक गो, कडेने खरपूस परतलेल्या असतील तरच घ्या. गोडात अंड्याचा दान तात भट्टीतून आला तेव्हाच खावा. ब्राऊन शुगरचा वाफवलेला मऊ केक मा लाय गो मला जास्त आवडतो, कारण तो चहाबरोबर जातो आणि गोडमिट्ट नसतो.

दोन शिष्टाचार. काड्या भातात उभ्या रोवायच्या नाहीत, ते मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. आणि वेगळ्या रंगाच्या काड्यांची जास्तीची जोडी असेल तर ती वाढून घ्यायला असते, तोंडात घालायला नव्हे. 2003 च्या सार्स साथीनंतर ही पद्धत फार पसरली.

शाकाहारी असाल तर

स्पष्टच सांगतो: गर्दीच्या पारंपरिक चहाघरात कडक शाकाहाऱ्याने जेवायच्या अपेक्षेने जाऊ नये. मुळ्याच्या वड्यांत सुकी कोलंबी आणि चिनी सॉसेज असतं, स्प्रिंग रोलमध्ये बहुधा मांस, भाज्यांवर ऑयस्टर सॉस (कालवांचा), आणि गोड पावांच्या कणकेतसुद्धा डुकराची चरबी असू शकते. आंब्याच्या पुडिंगात जिलेटिन असतं. “मांस नको” म्हटलं तर समोरचा तुकडे काढून देतो, रस्सा तोच राहतो. त्यापेक्षा “न्गो सिक जाय” म्हणा. जाय म्हणजे बौद्ध पद्धतीचा शाकाहार, आणि तो शब्द गांभीर्याने घेतला जातो. त्या शाकाहारात कांदा, लसूणही वर्ज्य असतं, आणि जुन्या यादीत चक्क हिंगसुद्धा आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या प्रतिपदेच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, पुष्कळ लोक जाय खातात.

थोडंफार चालवून घेणाऱ्यांसाठी जा लेउंग आहे: तळलेल्या कणकेच्या कुरकुरीत कांडीभोवती तांदळाचं घावन. वर सुकी कोलंबी भुरभुरलेली नाही ना, तेवढं बघा. आणि दौ फू फा, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं रेशमी दही आणि साखरेचा पाक. निश्चिंतपणे खायचं असेल तर हाँगकाँग पार्कातल्या चहाच्या भांड्यांच्या संग्रहालयाशेजारी लॉक चा हे शाकाहारी डिमसमचं चहाघर आहे. तिथे चहाही उत्तम मिळतो, गर्दीचा गोंगाट मात्र नाही.

बिल आणि उरलेलं

“माय दान” म्हणा किंवा हवेत लिहिल्याची खूण करा. काही ठिकाणी कार्ड घेऊन स्वतः गल्ल्यावर जायचं असतं. बहुतेक ठिकाणी बिलात 10 टक्के सेवाशुल्क जोडलेलं असतं, वर वेगळी टीप नाही दिली तरी चालतं. फार तर सुटी नाणी ठेवावीत. रोख जवळ ठेवा, जुन्या दुकानांत क्रेडिट कार्ड चालेलच असं नाही. कागदी रुमालही घरूनच न्या. स्थानिक मित्र सोबत असेल तर बिलासाठी ओढाताण होणारच. तुम्हाला द्यायचं असेल तर हात धुवायला जातो म्हणून उठा आणि गल्ल्यावर भरून या.

उरलं तर “दा बाऊ” म्हणा, डबा मिळतो, त्याचे थोडे पैसे लागतात. भरून घेताना निवड करा. पाव आणि कमळाच्या पानातला भात संध्याकाळी दहा मिनिटं वाफवला की पूर्ववत होतो. हा गाऊ आणि चेऊंग फन फ्रिजमध्ये कडक होतात, ते तिथेच संपवा.